पायावरचे दोन वळ

माझ्या सासऱ्याचा पाय मी खाल्ला. भाईंदर गावात कोणालाही विचारा, सांगतील. राघो कोळ्याची सून, ती मीरा रोडला पूनम सागरमध्ये पार्लर चालवते ना, तीच. तिनं कात्री काढली, दोरी कापली, विष चढलं आणि म्हाताऱ्याचा पाय गेला. माझ्या सासूबाई, विमलाबाई, बाजारात टोपलीपुढे बसून ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. कोळंबीवर फुकट.

तर आता माझ्याकडून ऐका. तुम्ही गावातले नाही म्हणून सांगतेय, नाहीतर माझ्या तोंडाला कुलूप आहे. ते का आहे तेही कळेल.

मी नेहा. माझे वडील लांज्याहून नोकरीसाठी मीरा रोडला आले, मी इथंच वाढले. कोळ्यांच्या घरात सून म्हणून गेले तेव्हापासून सासूबाईंच्या मनात मी भरलेच नाही. मी बोंबील नीट साफ करत नाही, मी मोठ्यानं हसते, मी त्यांच्या धनेशला गावातून उचलून फ्लॅटमध्ये नेला. शेवटचं खरं आहे. बाकीचं जाऊ दे.

सासरे, म्हणजे बाबा, सत्तरी ओलांडलेले. धनेश किती वेळा बोलला, बाबा, होडी विका आता, घरी बसा. बसतायत! पहाटे खाडीत जायचेच. त्या दिवशी चिखलात उभं राहून जाळं झाडताना पाकट मासा पायाशी आला आणि शेपटीचा काटा पोटरीत घातला. बाबांनी काय करावं? जाळ्याची नायलॉनची दोरी तोडली, गुडघ्याच्या वर मांडीला करकचून बांधली, वर काटकी घालून पिळली आणि तसेच लंगडत घरी आले.

आमच्या घरातली रीतच ती. पाकट लागला, शिंगाळा लागला, की दोरी बांधायची म्हणजे विष वर चढत नाही. आणि ती दोरी आपण सोडायची नाही. दशरथ भगत येणार, पाला लावणार, तोंडातल्या तोंडात काय ते पुटपुटणार, आणि मग तोच गाठ सोडणार. तोवर कोणी हात लावला तर विष त्याच्या नावावर. आता नेमका त्या दिवशी दशरथ भगत पालघरच्या बाजूला लग्नाला गेलेला. निरोप धाडला तर म्हणाला, जेवणं उरकली की येतो.

माझ्या नणंदेचा, मंदाचा, फोन आला तेव्हा मी एका बाईच्या भुवया करत होते. मंदा तिच्या सासरहून बोलत होती. "वहिनी, बाबांना पाकट लागलाय. पण घाबरू नको, दोरी बांधलीय."

"कधी बांधली?"

"पहाटेच."

दुपार होत आली होती. मी त्या बाईला एका भुवईवर तशीच सोडली आणि रिक्षा पकडली.

बाबा ओट्यावर गोधडीवर पडले होते. पाय बघितला. गुडघ्यापासून खाली काळानिळा. हात लावला तर थंडगार. मी अंगठ्याला चिमटा काढला. बाबा छताकडे बघत राहिले.

"बाबा, कळलं का?"

"काय?"

"चिमटा काढला मी."

"न्हाय बा. दोरी चांगली बसलीय."

सासूबाई दारात मॅक्सीवर ओढणी घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, "आई, दोरीसकट उचलू आणि हॉस्पिटलला नेऊ. डॉक्टर काय सोडायची ती सोडेल."

"तू गप ऱ्हा. दशरथ येतोय."

"कधी येतोय? पाय मेला की येतोय?"

झालं. त्यांचं तोंड सुटलं. जवानीत म्हणे बाबांना नायगावच्या अंगाला असाच पाकट लागला होता. असाच पाय बांधून वल्हवत आले, दिवसभर दोरी तशीच, दिवेलागणीला भगतानं सोडली, आणि दुसऱ्या दिवशी गडी परत खाडीत. सासूबाई तेव्हा नवी नवरी. ती गोष्ट मी लग्नात ऐकली, बारशात ऐकली, प्रत्येक गणपतीत ऐकली. त्यांना वाटत होतं पाय तोच आहे.

"आई, तेव्हा बाबा वीस-बावीसचे होते!"

"माणूस त्योच हाय ना?"

आता याला काय बोलणार? तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पर्समध्ये पार्लरची छोटी कात्री कायम असते. काढली, दोरीखाली घातली आणि कापली. नायलॉन चिवट, तीन-चार दाब द्यावे लागले. सासूबाई माझ्या पाठीत गुद्दे मारत होत्या. मारा म्हटलं.

दोरी सुटली तसे बाबा ओरडले. आयुष्यात त्या माणसाला ओरडताना ऐकलं नव्हतं. मग हळूहळू पोटरीला रंग आला, बोटं लाल झाली. मी म्हटलं, "बघा. आता हॉस्पिटलला चला, गाडी बोलावते."

"हास्पिटल न्हाय," बाबा दात खाऊन बोलले. "दशरथ येल."

सासूबाईंनी माझी पर्स उचलून रस्त्यावर फेकली. "निघ माज्या घरातून! इष सोडलास तू त्यांच्या अंगात! माज्या दारात पाय ठेवू नको!" शेजारच्या चार बाया बाहेर आल्या. सासूबाईंनी त्यांच्यासमोर माझ्या नावानं बोटं मोडली. मी रस्त्यातून कंगवा, फणी, पावडरचा डबा गोळा केला. त्या अपमानाचं मला अजून काही वाटत नाही असं म्हणाले तर खोटं होईल. फार वाटतं.

रिक्षातूनच धनेशला फोन लावला. तो बोईसरला कंपनीत. म्हटलं, "तू ये आणि तुझ्या बापाला उचल, माझं कोणी ऐकत नाही." तो म्हणाला, "भांडू नको, मी निघतोय."

तो पोचला आणि लगेच त्याचा फोन. "नेहा, बाबांना लघवी काळी होतेय. कोऱ्या चहासारखी. आणि पाय सुजलाय, हे एवढा."

मी गाडी घेऊनच गेले. दशरथ भगत येऊन, आपलं काम करून, चहा पिऊन गेलासुद्धा होता. बाबांची मांडी-पोटरी फुगून कातडी चकाकत होती. आम्ही त्यांना चादरीत घालून गाडीत ठेवलं. सासूबाई मागून एका हातानं कंबर घट्ट धरून चालत होत्या. मला वाटलं, कंबर भरलीय बाईची. वाईटसुद्धा वाटलं, बघा.

मीरा रोडच्या हॉस्पिटलात हेमाली मॅडम म्हणून सर्जन होत्या. गुजराती, पण मराठी झकास बोलतात. त्यांनी त्याच संध्याकाळी सूज उतरावी म्हणून पोटरीला चिरे दिले. सकाळी धनेशला, मंदाला, सासूबाईंना आणि मला समोर उभं करून सांगितलं.

"पाय मेलाय. मेलेल्या मांसातला कचरा रक्तात येतोय आणि किडनीत अडकतोय. किडनी बंद पडत चालल्यात, मशीन लावलंय. पण पाय तसाच ठेवला तर हार्ट बंद पडेल. आज पाय काढला तर माणूस वाचेल असं मला वाटतं. उद्या नाही सांगता येणार."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं दोरी कापली! इष चढला!"

"विषाचं काही नाही, आई," मॅडम म्हणाल्या. "पाकटाच्या काट्याचं विष गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला असता तरी निम्मं उतरलं असतं. हे दोरीनं झालंय."

"जवानीत बांदली तवा काय न्हाय झाला!"

"जवानीत!" मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे पाणी बंद असतं आणि मग एकदम सुटतं, तेव्हा काय होतं? नवीन बिल्डिंगमध्ये थोडं गढूळ येतं आणि साफ होतं. जुन्या बिल्डिंगमध्ये सगळा गंज सुटतो, जॉइंट फुटतात. पाणी तर तेच असतं ना? अंगाचंही तसंच. रक्त बंद पडलं की मांस उपाशी मरतं, आणि परत सुटतं तेव्हा वरून आणखी मार बसतो. जवान शरीर दोन्ही सोसतं, डागडुजी करून घेतं. सत्तरीनंतर ती ताकद नसते. पायाला नसते, किडनीलाही नसते."

धनेशनं विचारलं, "मग दोरी सोडायचीच नव्हती?"

"सोडायलाच पाहिजे होती. लवकर, आणि इथं. सोडली त्यात चूक नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्या चौघांत एकटीनं ऐकलं बहुतेक. कारण बाहेर आल्याबरोबर मंदा मला म्हणाली, "डॉक्टर पण बोलली, दोरी सोडल्यावर मार बसतो." धनेश माझ्याकडे न बघता पाणी आणायला गेला. माझा नवरा! त्यानं तरी बघायचं होतं.

आणि तिकडे बाबांनी नाही म्हटलं. शुद्धीवर होते, बोलत होते, आणि पाय कापायचा नाही म्हणजे नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. धनेश आत जाऊन रडून आला. मंदा पाया पडून आली. सासूबाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "नको कापू. दोन पायांनी आलाव, दोन पायांनी जाव." आणि बाहेर येऊन परत माझ्या नावानं सुरू. गावातून माणसं यायला लागली होती, बाकडी भरली. प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट. माणूस आत मरतोय आणि इथं कोणी मारला त्याची पंचायत चाललीय!

दुपारी नर्सनं मला हाक मारली. हेमाली मॅडम बाबांच्या पलंगापाशी होत्या. त्यांनी चादर बाजूला केली.

"दोनदा बांधलं होतं का?"

मी बघितलं. मांडीवर खालचा एक वळ, गोल दोरीचा, पिळाच्या खुणेसकट. आणि त्याच्या चार बोटं वर दुसरा. चपटा, रुंद, कडेला बारीक शिवणीची नक्षी उठलेली.

"पहिला सुटल्यावर दुसरा बांधलाय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे रक्त आलं, परत बंद झालं, परत आलं. या वयात... एकदा सोडल्यावर तसंच आणलं असतं तर कदाचित पाय राहिलाही असता. कोणी बांधलं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मला माहीत होतं. बाईमाणसाला असा वळ सांगावा लागत नाही. तो परकराचा नाडा होता. मी गेल्यावर घरात एकच बाई होती, आणि संध्याकाळी ती कंबर धरून का चालत होती ते मला त्या मिनिटाला कळलं.

मॅडम गेल्या. मी स्टूल ओढून बसले. बाबांचे डोळे उघडे होते.

"बाबा, नाडा कोणाचा?"

त्यांनी तोंड फिरवलं.

"मी विचारतेय. मी दोरी कापून गेले, तुमचा पाय लाल झालेला मी डोळ्यांनी बघितला. मग परत आवळला कोणी?"

"ती घाबरली व्हती," बाबा हळूच म्हणाले. "इष काळजात जाईल बोलली. दुसरी दोरी गावली न्हाय. मीच बोललो, बांद. धनेश यायच्या आदी दशरथानं सोडला."

"आणि तिकडे बाहेर ती माझं नाव घेतेय सगळ्या गावापुढे."

"तिला ठाव न्हाय. तिला अजून वाटते तुज्यामुलं झाला." मग माझा हात धरला. त्या हातात काही जोर नव्हता. "तिला सांगू नको, नेहा. तिनं आवलला म्हनून गेला, हे तिला कलला तर ती जगाची न्हाय. मी असा पन जातोय. तसाच जाऊ दे. गोष्ट मिटंल."

म्हणजे हे असं होतं. म्हाताऱ्याला पायाची पडली नव्हती. पाय कापला तर रोज डोळ्यासमोर दिसणार, रोज विषय निघणार, एक ना एक दिवस बायकोला कळणार. त्यापेक्षा मेलेलं बरं. आणि मी जन्मभर सासरा खाल्लेली सून म्हणून ऐकत बसायचं!

दया यायला हवी होती मला. आली नाही. राग आला, असला राग आला की कानशिलं तापली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग ऐका. तुम्ही आत्ताच्या आत्ता मॅडमना हो म्हणा. कापा म्हणा. नाहीतर मी बाहेर जाते. धनेश बसलाय, मंदा बसलीय, निम्मं गाव बसलंय. चादर उचलून दाखवते सगळ्यांना आणि सांगते हा नाडा कोणाचा. विमलाबाईच्या तोंडावर सांगते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तू असा करशील?"

"करून बघू?"

"हलकट हायस तू."

"आहेच. हो म्हणा."

मशीनचा आवाज चालू होता. बाबांच्या डोळ्यातून पाणी कानात गेलं, ते पुसायला मी उठले नाही. उठले असते तर माझंही सुटलं असतं.

"आनी हो बोललो तर?"

"तर मी गप्प. तुमच्या गावात मी कोणाला काही सांगणार नाही. धनेशलासुद्धा नाही."

"सगली तुलाच बोलतील."

"मग आत्ता काय हार घालतायत मला?"

बाबांनी डोळे मिटले. "बोलव त्या डाक्टरनीला," म्हणाले.

पाय त्याच दिवशी गेला. बाबा वाचले. किडन्यांनी मात्र सावकाशीनं घेतलं. किती तरी दिवस मशीनवर काढले, आणि पूर्ण पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, सुकी मच्छी बंद. कोळ्याला सुकी मच्छी बंद! त्याबद्दलही शिव्या मलाच बसल्या. होडी मंदाच्या दिराला दिली. गावात मी गेले की बाया पदर तोंडाला लावून बोलायच्या. धनेश घरात होता, पण माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा जेवताना म्हणाला, "तू घाई केलीस नेहा." माझ्या हातात डाव होता. तो मी भातातच ठेवला. सौदा म्हणजे सौदा.

गणपतीत आम्ही गावात होतो. बाबा मखरासमोर खुर्चीवर, लुंगीची एक बाजू रिकामी. मंदाच्या सासरची माणसं दर्शनाला आली होती, त्यांना पाहून सासूबाईंना चेव आला. दर गणपतीत नायगावची गोष्ट व्हायची, यंदा त्या जागी माझी. मी आत चहाचे कप भरत होते, सगळं ऐकू येत होतं. दोरी कशी घट्ट बसली होती, विष कसं खालीच अडलं होतं, आणि मग ही कशी कात्री घेऊन आली.

"विमल, आता बस," बाबा म्हणाले.

"का बस? खरा हाय त्यो बोलते! हिनं दोरी कापली न्हाय तर आज तुमी..."

"विमल!" बाबांनी कुबडी जमिनीवर आपटली. "दोरी तिनं कापली. पन त्याच्यामागून..."

मी ट्रे घेऊन दारात आले होते. म्हातारा सगळं ओकणार होता, इतके महिने पोटात धरलेलं, सगळ्यांसमोर. आणि माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांचा हात आपोआप कमरेवर गेला होता, निऱ्यांच्या खाली, नाडा असतो तिथं, आणि तो तिथं घट्ट धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. बाबांकडे नाही, माझ्याकडे.

म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर एवढी मोठ्यानं ओरडायची.

देवाशपथ सांगते, एक क्षण वाटलं, बोलू दे म्हाताऱ्याला. बसू दे हिला सगळ्यांसमोर. माझी पर्स रस्त्यात फेकली होती हिनं, माझा नवरा माझ्याशी बोलेनासा केला. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि ती बाई नाडा धरून उभी होती, मी आता काय करते म्हणून.

"हो, मीच कापली दोरी," मी म्हटलं. मोठ्यानं. बाबांचं वाक्य तिथंच राहिलं. "माझ्या कात्रीनं कापली. आणि परत कधी वेळ आली तर परत कापीन, कोणी पाठीत कितीही गुद्दे घातले तरी. कोणाला काही म्हणायचंय?"

धनेशनं मान वर करून बघितलं, आधी माझ्याकडे, मग आईकडे, आणि बराच वेळ आईकडेच बघत राहिला. बाबांनी कुबडी भिंतीला टेकवली. सासूबाईंनी कमरेवरचा हात काढला, पुढे आल्या, माझ्या हातातला ट्रे ओढून घेतला. कप एकमेकांवर आपटत होते.

"चाय पन धड भरता येत न्हाय हिला," त्या म्हणाल्या. "अर्धी बशीत सांडलीय."

त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. बाजारात नाही, घरात नाही. शिव्या मात्र रोज देतात. त्या मी ऐकून घेते, आणि दोन मीही घालते.